ऑनलाइन प्रकल्प : साधने उदंड, निवड अवघड

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकी सरकारने आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ ३६ राज्यांतील नागरिकांसाठी खुले केले. लाखो लोक त्यावर अक्षरशः तुटून पडले. मात्र त्या पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण होऊ शकली ती अवघ्या सहा जणांची! कोट्यवधी डॉलरचा खर्च, नामांकित कंत्राटदारांची फौज आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांची प्रतिष्ठा पणाला लागलेली असताना ही नामुष्की ओढवली.

संकेतस्थळ सावरण्यासाठी जे पथक नेमले गेले, त्यात सरकारचे तंत्रज्ञान प्रमुख टॉड पार्क आणि गुगलमधून रजा घेऊन आलेले अभियंते मिकी डिकरसन यांचा समावेश होता. तेथे पोहोचल्यावर त्यांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. संकेतस्थळ या क्षणी कसे चालले आहे, कोठे अडले आहे, हे पाहण्यासाठी एकही सामाईक फलक तेथे नव्हता. प्रत्येक कंत्राटदाराला आपापला तुकडा ठाऊक होता. संपूर्ण चित्र कोणासमोरच नव्हते. पथकाने आधी तो फलक उभारला. मग रोजच्या बैठकांना शिस्त लावली. बोलायचे ते ज्याला प्रश्न ठाऊक आहे त्याने, ज्याचे पद मोठे आहे त्याने नव्हे. आणि चर्चा करायची ती पुढच्या एक-दोन दिवसांत जे निकडीचे आहे त्याचीच. डिसेंबरच्या प्रारंभी संकेतस्थळ बऱ्यापैकी मार्गी लागले आणि एप्रिल २०१४ पर्यंत, राज्यांची स्वतःची संकेतस्थळे धरून, सुमारे ८० लाख लोकांची नोंदणी झाली.

ऑनलाइन प्रकल्प हाती घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा असा आहे. आज संकेतस्थळ उभारणे, नियतकालिकाचे जुने अंक महाजालावर आणणे किंवा एखाद्या संस्थेची सदस्य नोंदणी ऑनलाइन करणे ही कामे केवळ बड्या कंपन्यांची राहिलेली नाहीत. ग्रंथालये, शाळा, गृहनिर्माण संस्था, छोटे प्रकाशक असे सर्वच जण त्यात उतरले आहेत. त्यांच्यासमोर साधनांचा बाजार मांडलेला आहे आणि बहुतेक साधने प्रारंभी मोफत आहेत. साधने मिळत नाहीत ही अडचण आता उरलेली नाही. कोणते साधन कोणत्या कामाचे, आणि त्यात अडकून पडल्यास बाहेर कसे पडायचे, हा खरा प्रश्न आहे.

माणसे वाढली की धागे वाढतात

प्रकल्पासाठी साधन मुळात लागते कशाला, याचे उत्तर फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात दिले होते. आयबीएम कंपनीच्या ‘ओएस/३६०’ या अवाढव्य प्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले होते. रेंगाळलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे नेमली तर तो आणखीच रेंगाळतो, हा त्यांचा निष्कर्ष ‘ब्रूक्सचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामागचे गणित सोपे आहे. पाच माणसे एकत्र काम करत असतील, तर त्यांच्यात दोघादोघांच्या १० जोड्या होतात. माणसे १० झाली, की जोड्या ४५ होतात आणि २० झाली, की तब्बल १९०. म्हणजे माणसे चौपट झाली, तर एकमेकांना सांगावयाच्या गोष्टींचे धागे एकोणीसपट होतात.

प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रत्येक साधन हे या धाग्यांची संख्या कमी करण्याचा एक प्रयत्न आहे. प्रत्येकाने प्रत्येकाला विचारण्याऐवजी सर्वांनी एकाच ठिकाणी पाहावे, एवढेच त्याचे मर्म. ज्या साधनाकडे सगळे पाहत नाहीत, ते कितीही गुणी असले तरी धाग्यांत आणखी एकाची भर घालते.

विषय स्पष्ट व्हावा यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका शहरातील जुन्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील एका मासिकाचे १०० वार्षिक खंड महाजालावर आणण्याचे ठरवले आहे. प्रत्येक खंड २०० पानांचा धरला, तर एकूण पाने २० हजार. प्रत्येक पानाचे स्कॅनिंग, मजकुराचे टंकन, पहिले मुद्रितशोधन, दुसरे मुद्रितशोधन आणि प्रकाशन अशा पाच पायऱ्या धरल्या, तर एक लाख छोटी कामे होतात. काम करणारी माणसे आहेत आठ, त्यातील निम्मी स्वयंसेवक. यांच्या हाती कोणती साधने द्यावीत?

कामाचा फळा

पहिली जात आहे काम वाटून देणाऱ्या साधनांची. वेळापत्रकाचे आडवे पट्टे दाखवणारा तक्ता अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात लोकप्रिय केला आणि १९८४ साली डॉसवर अवतरलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ने तोच संगणकावर आणला. एक काम संपल्याशिवाय दुसरे सुरू होऊ शकत नाही, अशा बांधकामासारख्या प्रकल्पांना तो आजही उपयोगी पडतो. ऑनलाइन प्रकल्पात मात्र कामाचा क्रम वारंवार बदलतो आणि तक्ता दुरुस्त करणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

याला पर्याय म्हणून जी साधने आली, त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. शिकागोच्या ‘३७सिग्नल्स’ कंपनीचे ‘बेसकॅम्प’ फेब्रुवारी २००४ मध्ये आले. निरोप, कामांची यादी आणि फायली एका ठिकाणी ठेवणे एवढाच त्याचा आग्रह. तक्ते आणि आकडेवारी यांचा सोस त्याला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये सादर झालेल्या ‘ट्रेलो’ने फळ्यावर चिठ्ठ्या लावण्याची पद्धत संगणकावर आणली. ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे स्तंभ आखायचे आणि कामाचे पत्ते एकातून दुसऱ्यात सरकवायचे. या पद्धतीचे मूळ जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी रुजवलेल्या ‘कानबान’मध्ये आहे. ओनोंचा भर मात्र पत्त्यांवर कमी आणि एका वेळी किती काम हाती असावे याच्या मर्यादेवर अधिक होता. ट्रेलो वापरणारे बहुतेक जण नेमकी ही मर्यादाच विसरतात आणि ‘चालू’ या स्तंभात पन्नास पत्ते साचतात.

‘जिरा’ हे ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅटलासियन कंपनीचे साधन २००२ सालचे. त्याचे नाव मसाल्याच्या डब्यातून आलेले नाही. ते ‘गॉडझिला’ या महाकाय प्राण्याच्या ‘गोजिरा’ या जपानी नावावरून घेतले आहे. सॉफ्टवेअरमधील दोषांची नोंद ठेवण्यासाठी ते जन्मले. कोणते काम कोणत्या अवस्थेतून कोणाच्या परवानगीने पुढे जाईल, याचे काटेकोर नियम त्यात घालता येतात. शेकडो अभियंत्यांच्या कंपनीला ही शिस्त हवीच असते. आठ जणांच्या ग्रंथालयाला ती जाचक ठरेल. फेसबुकमधून बाहेर पडलेल्या डस्टिन मॉस्कोविट्झ आणि जस्टिन रोझेनस्टाईन यांनी २००८ साली स्थापन केलेल्या कंपनीचे ‘आसना’ या दोन टोकांच्या मध्ये बसते. ‘रेडमाइन’ हे २००६ पासूनचे मुक्तस्रोत साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. त्याचे रूप जुनाट आहे, पण माणशी भाडे नाही.

हे माणशी भाडे बारकाईने पाहण्यासारखे असते. समजा, एखाद्या साधनाचा दर माणशी दरमहा ५०० रुपये आहे. आठ जणांसाठी वर्षाला ४८ हजार रुपये होतात. स्वयंसेवक वाढून २० झाले, तर तेच एक लाख २० हजार. महिन्यातून एकदा डोकावणाऱ्याचेही पूर्ण भाडे भरावे लागते. त्यामुळे संस्था मग माणसांना साधनाबाहेर ठेवू लागतात आणि ज्या एका फलकासाठी हा खटाटोप केला, तो फलकच अपुरा राहतो. मोफत योजनांचीही मर्यादा बदलत असते. ट्रेलोने २०२४ साली मोफत वापरासाठी एका कार्यक्षेत्रात १० सहकाऱ्यांची मर्यादा घातली. स्लॅकने सप्टेंबर २०२२ पासून मोफत वापरकर्त्यांना केवळ गेल्या ९० दिवसांचेच निरोप दिसतील अशी व्यवस्था केली.

ग्रंथालयाच्या उदाहरणात आणखी एक अडचण आहे. २० हजार पानांचे २० हजार पत्ते ट्रेलोच्या फळ्यावर लावता येत नाहीत. लावले तरी ते कोणी पाहणार नाही. तेथे खंड हे एकक धरून १०० पत्ते लावणे योग्य. पानांचा हिशेब दुसऱ्या साधनाकडे सोपवावा लागेल.

एकाच कागदावर अनेक हात

दुसरी जात आहे एकत्र लिहिण्याच्या साधनांची. पूर्वी एका लेखाची फाइल ईमेलने फिरत असे आणि ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम नवी दुरुस्त’ अशा तिच्या पिढ्या तयार होत. गुगलने मार्च २००६ मध्ये ‘रायटली’ हे साधन विकत घेतले आणि त्यातून पुढे ‘गुगल डॉक्स’ साकारले. त्यामागील युक्ती अशी, की दोघे एकाच वेळी मजकूर बदलत असतील तर प्रत्येक बदल दुसऱ्याच्या बदलानुसार सरकवून घेतला जातो. एकाने प्रारंभी चार अक्षरे घातली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने दहावे अक्षर खोडले, तर यंत्र ते खोडणे चौदाव्या अक्षरावर नेते. त्यामुळे नको ते अक्षर उडत नाही.

एका लेखासाठी, अहवालासाठी किंवा बैठकीच्या इतिवृत्तासाठी हे उत्तम. हजारो पानांच्या प्रकल्पाला मात्र ‘विकी’ पद्धत अधिक मानवते. विकिपीडिया ज्यावर चालतो ते ‘मीडियाविकी’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००२ साली माग्नुस मान्स्के यांनी लिहिलेल्या संहितेतून विकसित झाले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यावरच चालतो. प्रत्येक पानाचा संपूर्ण इतिहास, प्रत्येक बदल करणाऱ्याची नोंद आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय ही त्याची बलस्थाने.

जुनी पुस्तके मजकूररूपात आणणाऱ्या ‘विकिस्रोत’ प्रकल्पाने याच पायावर मुद्रितशोधनाची एक नेटकी व्यवस्था बसवली आहे. एका बाजूला स्कॅन केलेले पान, दुसऱ्या बाजूला टंकित मजकूर. तपासायचे राहिलेले पान लाल, एकदा तपासलेले पिवळे, दुसऱ्यांदा तपासून पक्के झालेले हिरवे. पिवळे पान हिरवे करणारी व्यक्ती पहिल्या तपासनीसाहून वेगळी असावी लागते. हे बंधन यंत्रच पाळते. आपल्या उदाहरणातील ग्रंथालयाला २० हजार पानांचा हिशेब ठेवण्यासाठी याहून सोयीची रचना सापडणे कठीण. मात्र मीडियाविकीची संपादनाची परिभाषा नवख्याला बिचकवते. किमान एका जाणकाराने स्वयंसेवकांना चार-दोन दिवस शिकवण्याची तयारी ठेवावी लागते.

इतिहास जपणारी वही

तिसरी जात सामान्य वाचकाला सर्वांत कमी परिचित, पण संकेतस्थळ घडवणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. ती म्हणजे आवृत्ती नियंत्रणाची साधने. त्यातील ‘गिट’ची जन्मकथा बोधप्रद आहे. लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीचे विकासक ‘बिटकीपर’ हे खासगी कंपनीचे साधन सवलतीने, म्हणजे मोफत वापरत होते. २००५ साली त्या कंपनीने ही सवलत काढून घेतली. जगभर पसरलेला प्रचंड प्रकल्प एका परवान्यावर लटकत होता, हे तेव्हा उघड झाले. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच नवे साधन लिहायला घेतले आणि अल्पावधीत ते वापरातही आणले. तेच ‘गिट’.

त्याचे वैशिष्ट्य असे, की प्रकल्पाची प्रत ज्याच्या संगणकावर आहे, त्याच्याकडे सहसा संपूर्ण इतिहासही असतो. मध्यवर्ती सर्व्हर जळाला तरी कोणाही एकाच्या प्रतीवरून प्रकल्प पुन्हा उभा करता येतो. या गिटच्या भोवती २००८ साली ‘गिटहब’ ही सेवा उभी राहिली. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ती ७.५ अब्ज डॉलरना विकत घेतली. येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. गिट कोणाच्याही मालकीचे नाही. गिटहब मात्र अमेरिकी कंपनीची सेवा आहे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातील वापरकर्त्यांवर गिटहबने मर्यादा घातल्या, तेव्हा हा भेद अनेकांना प्रथमच जाणवला.

छापखाना कोणता निवडावा?

चौथी जात प्रकाशनाच्या साधनांची. एके काळी संकेतस्थळाचे प्रत्येक पान स्वतंत्रपणे रचले जाई. मायक्रोसॉफ्टचे ‘फ्रंटपेज’ त्यासाठी घरोघरी वापरले जात होते; २००६ साली ते बंद झाले. पुढे मजकूर आणि मांडणी यांची फारकत करणाऱ्या आशय व्यवस्थापन प्रणाली रूढ झाल्या. मजकूर विदागारात राहतो, मांडणीचा साचा वेगळा असतो आणि वाचक पान उघडतो तेव्हा दोहोंची जुळणी होते. साचा बदलला की हजारो पानांचे रूप एकदम पालटते.

या वर्गात तीन मुक्तस्रोत नावे दीर्घकाळ टिकून आहेत. ‘ड्रुपल’ २००१ साली बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी आणले. ‘वर्डप्रेस’ २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी. ‘जूमला’ २००५ साली ‘मांबो’ या प्रकल्पातून फुटून निघाले. ‘जुमला’ हा स्वाहिली शब्द, अर्थ ‘सर्व मिळून’. अरबीतून आलेला हाच शब्द जुन्या मराठी हिशेबांत ‘एकूण बेरीज’ या अर्थाने आढळतो.

जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे आज वर्डप्रेसवर आहेत. शिकायला सोपे, साचे विपुल, जाणकार माणूस कोणत्याही शहरात मिळतो. त्याची दुखरी बाजू म्हणजे जोडण्या, अर्थात प्लगिन. त्यांची संख्या ५० हजारांहून अधिक आहे आणि सर्वांचा दर्जा सारखा नाही. कर्त्याने वाऱ्यावर सोडलेली एखादी जुनी जोडणी घरफोड्याला खिडकी उघडी ठेवते. ड्रुपलमध्ये आशयाचे प्रकार, परवानग्यांच्या पातळ्या आणि अनेक भाषांची व्यवस्था अधिक भक्कम आहे. म्हणून सरकारे आणि विद्यापीठे त्याला पसंती देतात. अमेरिकेच्या व्हाइट हाऊसचे संकेतस्थळ २००९ साली ड्रुपलवर आले आणि २०१७ च्या अखेरीस वर्डप्रेसवर गेले. म्हणजे एकच काम दोन्हींवर होऊ शकते. फरक पडतो तो सांभाळणाऱ्या हातांमुळे आणि खर्चामुळे.

सांभाळणे म्हणजे काय, हे ऑक्टोबर २०१४ मध्ये दिसून आले. ड्रुपलमधील एक गंभीर त्रुटी १५ तारखेला जाहीर झाली आणि दुरुस्तीही त्याच वेळी देण्यात आली. ज्यांनी सात तासांच्या आत ती बसवली नसेल, त्यांनी आपले संकेतस्थळ फोडले गेले आहे असेच धरून चालावे, असा इशारा पुढे सुरक्षा पथकाला द्यावा लागला. संकेतस्थळ बांधून देणारा कंत्राटदार देयक घेऊन गेल्यानंतर ते सात तास कोणाचे, हा प्रश्न किती संस्था करारात विचारतात? त्याच ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा आधार संपला. पुढच्या आवृत्तीवर जाण्यासाठी अनेकांना संकेतस्थळ जवळजवळ नव्याने बांधावे लागले.

ज्यांचा आशय क्वचित बदलतो, त्यांच्यासाठी ‘जेकिल’ (२००८) किंवा ‘ह्यूगो’ (२०१३) अशी स्थिर पाने तयार करणारी साधने आहेत. पाने आधीच तयार असल्यामुळे विदागाराची गरज नसते, हल्ल्याला वाव कमी असतो आणि गर्दीही सहज पेलते. ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ची केवळ माहिती देणारी पाने जेकिलच्या साह्याने बनवली होती. घोळ झाला तो खाते उघडण्याच्या आणि नोंदणीच्या भागात. गैरसोय एवढीच, की मजकूर भरणाऱ्याला थोडे तंत्र शिकावे लागते.

मराठीची कसोटी

ही साधने इंग्रजीत उत्तम चालतात म्हणून मराठीतही चालतील, असे गृहीत धरणे धोक्याचे. २०००च्या दशकात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या खास फाँटवर चालत. तो फाँट नसेल, तर वाचकाला निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. कारण यंत्राच्या लेखी ती मराठी अक्षरे नव्हतीच. इंग्रजी चिन्हांना मराठी मुखवटे चढवलेले होते. शोधयंत्रांना तो मजकूर सापडत नसे. युनिकोडने हा प्रश्न मुळापासून सोडवला, तरी जुना मजकूर रूपांतरित केल्याशिवाय वाचण्याजोगा होत नाही. ग्रंथालयाकडे जुन्या फाँटमध्ये टंकित मजकूर असेल, तर रूपांतराचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

युनिकोड आल्यावरही काही खाचखळगे उरतात. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतील अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित होऊ शकतो. दिसायला दोन्ही सारखे. परंतु एका पद्धतीने लिहिलेला शब्द शोधला, तर दुसऱ्या पद्धतीचा सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या सांकेतिक क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात जातो. मराठी वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ यांची जागा शेवटी. साधनात मराठी क्रमवारीची सोय नसेल, तर लेखकसूची बिघडते. म्हणून कोणतेही साधन निश्चित करण्यापूर्वी दहा अवघड शब्दांची यादी त्यात भरून, शोधून आणि क्रमाने लावून पाहावी. अर्ध्या तासाची ही परीक्षा पुढचा वर्षभराचा मनस्ताप वाचवते.

भाडेकरू की मालक?

साधनांची तुलना करताना वैशिष्ट्यांचे तक्ते मांडले जातात. त्या तक्त्यात क्वचितच आढळणारा रकाना म्हणजे ‘बाहेर पडण्याची सोय’. याहूने २००९ साली ‘जिओसिटीज’ बंद केले, तेव्हा लोकांनी हौसेने उभारलेली असंख्य वैयक्तिक संकेतस्थळे एका फटक्यात हटली. काहींच्या प्रती स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवल्या. मोठा गाजावाजा करून मे २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गुगल वेव्ह’चा विकास ऑगस्ट २०१० मध्ये थांबवला गेला. ‘गुगल कोड’ जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले. कामांच्या यादीचे लोकप्रिय साधन ‘वंडरलिस्ट’ मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. अ‍ॅटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ पासून स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याच्या ‘सर्व्हर’ आवृत्त्यांचा आधार काढून घेतला.

सेवा बंद पडली नाही, तरी ती खंडित होऊ शकते. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅटलासियनच्या एका चुकीच्या आज्ञावलीमुळे ७७५ ग्राहकांची खाती नाहीशी झाली. सर्वांची सेवा पूर्ववत होण्यास १४ दिवसांपर्यंत अवधी लागला. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’च्या अभियंत्याने चुकून मुख्य विदागारच खोडले. प्रतिकृती ठेवण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. ऐन वेळी बहुतेक निकामी ठरल्या आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. प्रतिकृती घेतली जाते एवढ्यावर विसंबून चालत नाही, तिच्यावरून सारे पुन्हा उभे करून पाहिले आहे का, हे विचारावे लागते.

मुक्तस्रोत साधनेही वादांपासून मुक्त नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मुलेनवेग यांची कंपनी आणि ‘डब्ल्यूपी इंजिन’ ही सेवा यांच्यात वाद पेटला. डब्ल्यूपी इंजिनच्या ग्राहकांना काही काळ अद्ययावत जोडण्या नेहमीच्या मार्गाने मिळेनात. डिसेंबरमध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तो मार्ग मोकळा करायला लावला. फरक इतकाच, की मुक्तस्रोत साधनाची संहिता आणि विदा आपल्या हाती असल्याने घर बदलता येते. बंद सेवेत घरमालक दार लावेल तेव्हा सामान आतच राहते.

मग निवडावे काय?

दोन-तीन जणांच्या, महिना-दोन महिन्यांच्या कामाला सामाईक तक्ता आणि गुगल डॉक्स पुरेसे आहे. त्याहून अधिक काही आणणे म्हणजे वेळेचा अपव्यय. पाच ते पंधरा जणांच्या, वर्षभराच्या कामाला ट्रेलो किंवा बेसकॅम्पसारखा फळा योग्य. पण प्रत्येक स्तंभात किती कामे राहू द्यायची, याची मर्यादा ठरवूनच. सॉफ्टवेअर घडवणाऱ्या मोठ्या चमूला जिरा आणि गिट यांना पर्याय शोधत बसण्याचे कारण नाही. प्रकाशनासाठी वारंवार बदलणारा मजकूर असेल तर वर्डप्रेस, परवानग्यांची आणि आशयाची गुंतागुंत असेल तर ड्रुपल, क्वचित बदलणारा असेल तर स्थिर पाने. आपल्या उदाहरणातील ग्रंथालयाला खंडांसाठी १०० पत्त्यांचा फळा, पानांसाठी मीडियाविकी आणि वाचकांसाठी स्थिर पाने अशी जोडणी मानवेल.

साधन घेण्याआधी संस्थेने पाच प्रश्न लेखी विचारावेत. आमचा सर्व मजकूर, नावे आणि तारखांसह, एका सर्वसामान्य स्वरूपात बाहेर काढता येतो का? तो काढून दुसरीकडे उघडून पाहिला आहे का? माणसे दुप्पट झाली तर खर्च किती होईल? सुरक्षेची दुरुस्ती किती तासांत आणि कोण बसवील? आणि हे सर्व जाणणारी व्यक्ती उद्या सोडून गेली, तर परवलीचे शब्द व खात्यांची मालकी कोणाकडे असेल? सदस्यांची वैयक्तिक माहिती साठवली जाणार असेल, तर भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे येणारी जबाबदारीही संस्थेचीच राहील, सेवा पुरवणाऱ्यावर ती ढकलता येणार नाही.

पाचवा प्रश्न सर्वांत साधा, आणि व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षित. उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर संस्थेचे संकेतस्थळ, फळा आणि फायली नोंदवलेल्या असतात. तो परगावी गेला, त्याचा संस्थेशी बेबनाव झाला किंवा तो दगावला, की वर्षानुवर्षांचे काम कुलूपबंद होते. खाती संस्थेच्या नावे असावीत, त्यांवर किमान दोघांचा अधिकार असावा आणि दर सहा महिन्यांनी संपूर्ण प्रत संस्थेच्या स्वतःच्या कपाटात यावी. या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पुढच्या कार्यकारिणी बैठकीत त्यांचा ठराव करता येईल, आणि साधन कोणते घ्यायचे याची चर्चा त्यानंतर करता येईल.